होयाची येळवस

१ डिसेंबर, रविवार

आजही पाणी घातलं नाही. बारावा दिवस. सकाळी एक पान हळूच दुमडून पाहिलं. ताठ आहे, म्हणजे तहान नाही. होयाच्या वेलीचं हे बरं असतं, मागितल्याशिवाय द्यायचं नाही. उगाच दिलं की रुसते.

नऊ वर्षं झाली हिला. सिकंदराबादच्या आमच्या शाळेत जुन्या मुलींचा मेळावा होता, तेव्हा बोर्डिंगच्या व्हरांड्यातून वीतभर तुकडा आणला होता. ओल्या रुमालात गुंडाळून, पर्समध्ये. नांदेड येईपर्यंत पर्समधलं तिकीट, कुंकवाची डबी, सगळं भिजलेलं. हे स्टेशनवर घ्यायला आले होते. म्हणाले, "एवढ्या वर्षांनी शाळेत गेलीस ती चोरी करायला?" रिक्षात बसेपर्यंत हसत होते.

नऊ वर्षांत फूल नाही. एकही नाही. पानं मात्र अशी की आलेला माणूस बोट लावून बघतो, खरी आहेत का. पाच फांद्या गॅलरीच्या गजांना धरून गेल्यात. आणि ह्या हिवाळ्यात तीन नवे शेंडे सुटलेत — बिनपानांचे, सुतळीसारखे लांब, हवेत काहीतरी चाचपडत. शाळेतल्या सिस्टर बर्नडेट सांगायच्या, त्या शेंड्यांना हात लावायचा नाही. आधी दोर जातो, मग पानं येतात, मग कधीतरी फुलं. एकदम तीन शेंडे कधीच आले नव्हते. मला वाटतं, ह्या वर्षी धरणार.

दुपारी बालाजीचा फोन. मोठ्या जाऊबाईंचा, अक्कांचा मुलगा. त्यांना मंगळवारी घेऊन येतोय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आधी उजवा करायचा, महिन्याने डावा. "काकू, दोन महिने तरी तुमच्याकडंच ठेवावं लागंल."

हो म्हटलं. मग बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण अक्कांबरोबर सलग आठ दिवसांच्या वर मी कधी राहिलेच नाही. हे गेल्यापासून चार वर्षं घरात मी आणि ही वेल. दोघींनाही जागेवरून हलवलेलं सोसत नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

अक्का आल्या. सोबत ज्वारीचं पीठ, बाजरीचं पीठ, तुरीची डाळ, शेंगदाणे आणि एक अख्खा भोपळा. गावाकडचं, देवणीचं घर रिकामं केल्यासारखं. बालाजीला तीन मजले चार खेपा कराव्या लागल्या.

अक्कांना उजव्या डोळ्याने धुरकट दिसतं, डाव्याने नुसता उजेड कळतो. पण वय बहात्तर आणि बोटं विशीतली. सगळं घर बोटांनी तपासलं. पडदे, फ्रीज, देव्हारा. मग गॅलरी. मी मागोमाग.

"हे काय लावलंस?"

"होया आहे, अक्का."

"फूल येतंय?"

"अजून नाही आलं."

"किती वर्सं झाली?"

"नऊ."

पान चोळून बघितलं. "रबराचं हाय का गं हे?"

"नाही हो, जिवंत आहे."

"मग नऊ वर्सं नुसती खाऊन-पिऊन बसलीय." कुंडीत बोट घातलं. "आन् खायला तरी कुठं घालतीस. माती कोरडी ठक्क हाय."

"तिला कोरडीच लागते."

"कॉन्व्हेंटात सांगितलं आसंल."

बालाजी खाली बघून हसला. मीही हसले, जरा उशिरा.

५ डिसेंबर

उजवा डोळा झाला. वीस मिनिटं. अक्का बाहेर आल्या हिरव्या टोपीत, डोळ्यावर पट्टी. पहिलं वाक्य — "ते डॉक्टर लेकरू हाय की गं. त्याला मिशी तरी हाय का?"

६ डिसेंबर

पट्टी निघाली. चार वेळा एक ड्रॉप, दोन वेळा दुसरा. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, धूर नाही, धूळ नाही, ऊन नाही. काळा चष्मा. अक्का चष्म्यात एखाद्या पुढाऱ्यासारख्या दिसतात. त्यांना सांगितलं तर खूश झाल्या.

माझा पहिला ड्रॉप गालावर, दुसरा नाकावर. शेवटी खालच्या मजल्यावरच्या सबिहाला बोलावलं. निवृत्त नर्स, हात कसा स्थिर! "बाजी, तुम्ही घाबरताय कशाला, डोळा त्यांचा हाय," मला म्हणाली. तिने खालची पापणी कशी ओढायची ते दाखवलं. चौथ्या वेळी जमलं.

जाताना बालाजी जिन्यात थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, दुसरा डोळा सात जानेवारीला हाय. तोवर आईला सोडू नका. दोन वर्सांमागं लातूरला तारीख घेतली होती, मधे पोळ्याला घरी आली ती परत गेलीच न्हाई. आता डावा पार पिकलाय. डॉक्टर म्हणाले, आणखी लांबवलं तर अवघड होऊन बसंल." मग पुढे, "आन् मधे येळवस येतीय. येळवसीला गावाकडं गेली की संपलं."

मी म्हटलं, नाही सोडणार. मोठ्या तोंडाने म्हटलं खरं.

११ डिसेंबर

होयाला पाणी. कुंडी उचलून पाहिली तर पेल्यासारखी हलकी लागली. अर्धा तांब्या, कडेकडेने.

मलमलच्या ओल्या फडक्याने पानं पुसली. एका पानामागे पिठ्या ढेकूण होता, कापसाने काढला. पानं पुसताना मला नेहमी व्हरांडा आठवतो. शनिवारी दुपारी आम्ही चौघी स्टुलावर उभ्या, सिस्टर बर्नडेट खाली, हातात बादली. "जेंटली, गर्ल्स, जेंटली. शी इज अ लेडी." मे महिन्यात गुच्छ यायचे, एकेका दांड्यावर वीस-वीस चांदण्या, मेणाने केल्यासारख्या, मधोमध लाल टिपका. संध्याकाळी प्रार्थनेला ओळीने जाताना वास यायचा, गोड, किंचित चॉकलेटसारखा. घरची आठवण येऊन रडणाऱ्या मुलींना सिस्टर त्या कोपऱ्यात नेऊन उभं करायच्या. मला तीनदा नेलं होतं.

अक्का आतून विचारत होत्या, "काय करायलीस इतका येळ?"

"पानं पुसतेय."

"वेलीची?"

"हो."

मग, "लेकरू न्हाई झालं की बाया आसंच कायतरी पुसत बसत्यात." दुखवायला नाही म्हणाल्या. अक्का तशा दुखवत नाहीत, फक्त जे दिसतं ते बोलतात. आता तर धड दिसतही नाही.

१४ डिसेंबर

अक्कांना रिकामं बसवत नाही. लसूण सोलून झाला. शेंगा फोडून झाल्या. आज माझी धड असलेली उशीची खोळ उसवून परत शिवू का विचारत होत्या. गावाकडे आता हरभरा गुडघ्याला आला असेल, बायका खुडायला जात असतील, हेच दिवसभर.

१७ डिसेंबर, मंगळवार

शेंडे गेले. तिन्ही.

मी भाजी घेऊन आले तर अक्का गॅलरीत वेताच्या मोड्यावर बसलेल्या. मांडीवर तीन सुतळ्या, नीट एकाखाली एक, जुडीसारख्या लावलेल्या. माझी चाहूल लागली तशा म्हणाल्या, "खुडून टाकले बघ. उगं मोकळे वाढत चालले होते, पान न्हाई काय न्हाई. हरभऱ्याचं आसंच आसतंय. शेंडा खुडल्याबिगर फांद्या फुटत न्हाईत, आन् फांद्या फुटल्याबिगर घाटे लागत न्हाईत. आता बघ कशी फुलतीय तुझी साहेबीण."

खुडलेल्या जागी पांढरा चीक. तिन्ही ठिकाणी थेंब. अक्कांच्या चिमटीतही.

"रुईसारखा चीक हाय. रुईच्याच जातीची दिसतीय ही. जरा पाणी दे गं हातावर."

मी वेलीकडे बघत उभी राहिले. मग म्हटलं, "इट्स ऑल राइट, अक्का."

मी इंग्रजीत बोलते तेव्हा त्याचा काय अर्थ असतो, हे अक्कांना एक्केचाळीस वर्षांपासून माहीत आहे.

१८ डिसेंबर

दिवसभरात दोघींचे मिळून अकरा शब्द. त्यातले चार — ड्रॉप घालायची वेळ झाली.

मोबाईलवर शोधलं. होया खरंच रुईच्या कुळातली आहे. अक्कांनी नुसत्या चिकावरून ओळखलं. हे त्यांना सांगितलं नाही. राग होता.

१९ डिसेंबर

पिशवी भरली अक्कांनी. दोन लुगडी, तपकिरीची डबी, ड्रॉपच्या बाटल्या. मग मला म्हणाल्या, "बालाजीला फोन लाव." लावला. स्पीकरवर.

"मला न्यायला ये. येळवसीला मी लागतेच."

"आई, डॉक्टरांनी धूळ नको म्हणून सांगितलंय. रानात धूळ आसती."

"पन्नास वर्सं ती धूळ खाल्ली. सात तारखेला येते की परत."

"येत न्हाईस तू. मला म्हाईत हाय."

"येते म्हणलं की."

नंतर त्याने मला एकटीला फोन केला. "काय झालं काकू? बरी रमली होती की." मी सांगितलं नाही. काय सांगणार, की तीन सुतळ्यांवरून तुझ्या आईचा डोळा जायची वेळ आणली मी?

कारण आज दुपारी भांडी घासताना एकदम लक्षात आलं. अक्का पाणी मागत होत्या. बोटांना रुईसारखा चीक, बारा दिवसांपूर्वी चिरलेला डोळा, आणि अक्कांना दर दोन मिनिटांनी डोळा चोळायची खोड. आणि मी उभी होते वेलीकडे बघत. त्यांनी स्वतःच चाचपडत जाऊन नळावर हात धुतले. हे सगळं मी पाहिलं होतं. पाहिलं आणि मला दिसलं नाही.

२१ डिसेंबर

अजून धड बोलणं नाही. बालाजी अठ्ठावीसला गाडी आणतो म्हणालाय, नाइलाजाने.

माझी पहिली येळवस आठवतेय. लग्नाआधी मी हा सण ऐकलासुद्धा नव्हता. मार्गशीर्षातली अवस, सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. मोठ्या मडक्यात आंबील. आणि भज्जी, म्हणजे हिरवे दाणे, पालेभाज्या, चिंच, बेसन, सगळं एकत्र शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे, वाफवलेले गोळे. पन्नास माणसं मातीत मांडी घालून बसलेली आणि त्यात मी, बावीस वर्षांची, सिकंदराबादहून शिकून आलेली. पानातली ती पातळ भज्जी हाताने कशी उचलायची मला कळेना. बोटांतून ओघळत होती. सासूबाई बघत होत्या, नणंदा कोपराने एकमेकींना ढोसत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात अक्का वाढायला आल्या. वाकल्या, आणि पदराखालून काहीतरी माझ्या मांडीवर टाकलं. चमचा! घरातून घेऊन आल्या होत्या, तीन कोस, कमरेला खोचून. आदल्या दिवशीच त्यांनी ओळखलं होतं. मोठ्याने मात्र म्हणाल्या, "घे गं कॉन्व्हेंटबाई, लाजू नको." सगळे हसले, आणि त्या हसण्यात चमचा कुणाला दिसलाच नाही.

एक्केचाळीस वर्षं मला त्यातलं ‘कॉन्व्हेंटबाई’ तेवढं लक्षात राहिलं.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळचा ड्रॉप घातला आणि तिथेच बसले, पलंगाच्या कडेला.

"अक्का, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"तुमच्या हाताला चीक होता. तुम्ही पाणी मागितलं. मी वेल बघत बसले."

डोळा मिटलेला होता, ड्रॉपमुळे. तसंच म्हणाल्या, "मला वाटलं, वेलीला हात लावला म्हणून रागावलीस."

"रागावलेही होते."

"मग रागावले म्हण की. इंग्रजीत कशाला रागावतीस? मला शिवी देता यीना तुला उलटून."

दोघी हसलो. त्यांच्या डोळ्यातून ड्रॉप वाहून गेला, परत घालावा लागला.

मग हळूच विषय काढला. सात तारखेपर्यंत थांबा. त्यांनी मान हलवली, नाही. "येळवस मोडता येत न्हाई. हे गेले त्या वर्सीबी मोडली न्हाई मी. रानाला आंबील शिंपल्याबिगर वरीस जात न्हाई माझं."

"इथे करू."

"इथं? रान कुठाय इथं?"

मी त्यांचा हात धरून गॅलरीत नेलं आणि कुंडीवर ठेवला.

"हिच्यात?" अक्का म्हणाल्या. "मडकंभर मातीत येळवस?"

"शेंडा खुडलात ना? म्हणजे तुमचंच रान झालं."

अक्का कुंडीच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या.

२५ डिसेंबर

दर वर्षीसारखा केक केला, बिनअंड्याचा, दही घालून. सिस्टरांची कृती, फक्त अंडं गाळून. सबिहाकडे अर्धा. अक्कांनी आधी वास घेतला. "अंडं?" "नाही." मग दोन तुकडे खाल्ले. "तुझे कॉन्व्हेंटवाले मधूनमधून शहाण्यासारखं वागत्यात."

तोंड पुसून झाल्यावर म्हणाल्या, "घरात मडकं हाय का? आंबील पातेल्यात चांगली लागत न्हाई."

मी आत जाऊन बालाजीला फोन केला — गाडी आणू नकोस.

२९ डिसेंबर

दिवसभर स्वयंपाकघरात. अक्का दारात खुर्चीवर, काळा चष्मा लावून, आत यायची बंदी. मी हात, त्या जीभ.

"पीठ कालव. गुठळी झाली का? आवाजावरून झालीय." आवाजावरून!

सबिहा बाजारातून तुरीच्या शेंगा, वाल, हरभऱ्याचा पाला, ओला शेंगदाणा, सगळं घेऊन आली आणि सोलायलाही बसली. लग्न होऊन आली तेव्हा उदगीरकडे तिच्या सासरीही शेजारच्या रानातून येळवसीचं बोलावणं यायचं म्हणे. "आमच्या सासूबाई डबा घेऊन जायच्या आंबीलसाठी. आंबीलला कुठं जात आसती, अक्का?" अक्का म्हणाल्या, "जात न्हाई, पण लसूण आसतो. ह्या बाईनं कमी घातलाय."

आंबील मडक्यात घालून वर फडकं बांधलं. उद्यापर्यंत आंबेल.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

कोप झाली! चार ऊस गॅलरीच्या गजांना बांधले, वर एकत्र आणले. मधे होया. कुंडीभोवती पाच गोटे, चुना लावलेले. सबिहाच्या मनी प्लांटमधले आहेत. अक्कांनी एकेक हातात घेऊन वजन बघितलं. "भीम जरा बारीक हाय, चालतंय."

बालाजीने व्हिडिओ कॉल लावला. रानात सगळे. त्याने फोन बैलांसमोर धरला, देवणी जोडी, पांढऱ्यावर काळे ठिपके. अक्कांनी फोन नाकाशी नेला, नव्या डोळ्याने. "त्या डाव्याच्या शिंगाला तेल लावलं न्हाईस."

"आई, तुला दिसलं?"

"दिसलं की. पैशे घेऊन काय उगं डोळा बसवला व्हय?"

तिकडचे सगळे हसायला लागले. सून सृष्टी मागून ओरडली, "आता परत घरी आल्यावर आमचं काय खरं न्हाई!"

मग पूजा. मग आंबील शिंपायची वेळ. अक्कांनी मडक्यातून ओंजळ भरली. मला वाटलं होतं चार थेंब. ओंजळ कुंडीत. दुसरी ओंजळ. तोंडाने काहीतरी पुटपुटत, गजांना, पानांना, फांद्यांना, आणि तिसरी परत कुंडीत. ताक, ज्वारीचं पीठ, मीठ, लसूण. नऊ वर्षं मी हिला मोजून पाणी दिलं. सिस्टर बर्नडेट माझ्या कानात किंचाळत होत्या. मी पदर तोंडाशी धरून उभी.

एका शब्दाने थांबवता आलं असतं. अक्कांचं तोंड बघितलं. चष्मा काढून ठेवला होता, चेहरा रानात असतो तसा. नाही थांबवलं.

जेवायला आम्ही तिघी, गॅलरीतच, खाली मांडी घालून. मी हाताने खाल्लं. भज्जी एक थेंब सांडली नाही. अक्कांनी बघितलं, आणखी एक पळी वाढली.

३१ डिसेंबर

गॅलरीत आंबूस वास. मुंग्यांची रांग थेट कुंडीपर्यंत. वरची माती चमच्याने खरवडून काढली, अक्का झोपल्या होत्या तेव्हा.

४ जानेवारी

बुडातली दोन पानं पिवळी. तोडून एका वहीत ठेवली. अक्कांना सांगितलं नाही.

७ जानेवारी, मंगळवार

डावा झाला! उजव्याला वीस मिनिटं लागली होती, ह्याला पाऊण तास. मी आणि बालाजी बाहेर, घड्याळाकडे बघत. डॉक्टर बाहेर आले (मिशी आहे, बारीकशी). म्हणाले, "पार दगड झाला होता. आणखी दोन महिने थांबला असतात तर मला एवढ्यावर जमलं नसतं."

बालाजीने त्यांच्या नाही, माझ्या पाया पडायला वाकून मला पार अवघडवून टाकलं.

८ जानेवारी

पट्टी काढली. अक्कांनी दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. निरखून, वरपासून खालपर्यंत.

"उज्वले, किती म्हातारी झालीस गं."

मग आरसा मागितला. बघितला. परत दिला. "जाऊ दे, दोघी सारख्याच हाव."

१८ जानेवारी

माझ्या अब्रूचे धिंडवडे. अक्कांना आता सगळं दिसतं. पंख्यावरची धूळ, ट्यूबलाइटमागची जळमटं, ओट्याच्या टाइल्समधला तेलकट काळा. "हे कधी पुसलंस?" मी म्हटलं, परवाच. म्हणाल्या, "परवा कोणतं? मागल्या दिवाळीचं?" त्या बोट दाखवतात, मी पुसते. वाकायची बंदी त्यांना आहे, मला नाही. सबिहा येऊन बघून गेली आणि घाबरून स्वतःच्या घरी झाडू घेऊन बसली म्हणे.

होया गप्प. पानं गळणं थांबलंय, एवढंच.

२७ जानेवारी

अक्का जाणार. सहा फेब्रुवारीला शेवटची तपासणी, सातला बालाजी येणार. आज त्यांनी लुगडी वाळवून घड्या घातल्या. ज्वारी काढणीला येईल, रानात जायला हरकत नाही म्हणतात डॉक्टर, चष्मा लावून.

सकाळी उठून चहा दोन कपांत ओतते त्याची सवय झालीय. ‘राहा’ म्हणावंसं वाटतं. कशासाठी राहा? आता त्यांना ठणठणीत दिसतंय. चांगल्या माणसाला ठेवून घ्यायला कारण लागतं.

२ फेब्रुवारी, रविवार

अक्का गॅलरीतून हाक मारतायत. गेले तर त्या वेलीला नाक लावून.

"कळ्या हायत."

"कुठे?"

"ही काय. पानाच्या बगलेत. बारीक दांडा हाय, त्याच्यावर मोहरीएवढ्या. एक दोन तीन… बारा-तेरा आसतील."

मला काही दिसेना. चष्मा पुसला. अक्का म्हणाल्या, अगं खुडलं तिथंच खाली. माझं बोट धरून नेलं. बोटाला लागलं काहीतरी, रव्यासारखं. पण दिसेना. भिंग आणलं. पान दिसलं, बगल दिसली, तिथे हिरवट धूसर काहीतरी. मला वाटलं अक्का माझं मन राखतायत, जायच्या आधी. तसं म्हटलंही.

"मी कशाला खोटं बोलू? रान माझं हाय." मग अभिमानाने, "खुडलं म्हणून फुटलं. आन् आंबील."

सबिहाला बोलावलं. तिने वाकून बघितलं आणि लगेच मोजल्या. चौदा.

चौदा कळ्या! नऊ वर्षांनी. मला आनंदाने काय करावं कळेना, मी अक्कांना साखर दिली खायला. खुडल्यामुळे होत नाही असं, सिस्टर म्हणाल्या असत्या. म्हणू देत. आता ही कुंडी महिनाभर कुणी हलवायची नाही, वळवायची नाही, कळ्या गळतात.

रात्रीच्या ड्रॉपला अक्का माझ्याकडे बघत होत्या सारख्या. विचारलं तर, "काय न्हाई" म्हणाल्या.

६ फेब्रुवारी

अक्कांचे दोन्ही डोळे उत्तम. मी पिशवी उचलली तर डॉक्टर म्हणाले, "काकू, आता तुम्ही बसा जरा खुर्चीत." मी औषधं आणायला गेले तेवढ्यात अक्कांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. हिला कळ्या दिसत न्हाईत.

मलाही मोतीबिंदू. दोन्हीकडे. अठराला उजवा, महिन्याने डावा.

रिक्षात बसल्या बसल्या अक्कांनी माझा फोन घेतला आणि स्वतः, चष्मा कपाळावर सारून, बालाजीचा नंबर काढला. "उद्या गाडी आणू नको. उज्वलाचे डोळे करायचे हायत. तिला कोण हाय इथं, मी सोडून? ज्वारी तू काढ." आणि ठेवला.

बाहेर सगळा रस्ता धूसर झाला होता. अक्कांनी बघितलं माझ्याकडे. मोतीबिंदू आहे ना, म्हटलं मी.